गोल साडीच्या निऱ्या वारंवार सुटतात : कारण कुठे शोधावे आणि काय करावे

सकाळी आरशासमोर चापूनचोपून नेसलेली साडी दुपारपर्यंत खाली उतरते, निऱ्या अर्ध्या बाहेर येतात, पुढचा काठ चपलेखाली सापडू लागतो आणि मग उरलेला दिवस एक हात कमरेशी धरून काढावा लागतो. ही तक्रार नव्याने साडी नेसू लागलेल्या मुलींचीच असते असे नाही. वर्षानुवर्षे साडी नेसणाऱ्या स्त्रियांनाही एखाद्या ठरावीक साडीपुरता किंवा ठरावीक परकरापुरता हा त्रास होत राहतो, आणि त्यावर बहुतेकींचा उपायही ठरलेला असतो, तो म्हणजे निऱ्यांना आणखी एक पिन लावणे. पिनेने वेळ निभावते, पण पुढच्या खेपेस तीच साडी तशीच सुटते, कारण दोष निऱ्यांत क्वचितच असतो. निऱ्या ज्यावर टांगलेल्या असतात त्या परकराच्या नाडीत, साडी किती आत खोचली आहे त्या मापात, किंवा पदराकडून येणाऱ्या ओढीत तो असतो. म्हणून दुरुस्तीला कमरेपासून सुरुवात करावी आणि निऱ्यांकडे सर्वांत शेवटी यावे. येथे साडी म्हणजे परकरावर नेसायची, डाव्या खांद्यावर पदर घ्यायची पाचवारी गोल साडी असे धरले आहे.

साडी सुटली, असे आपण सरसकट म्हणतो. पण ती कशी सुटली हे नीट पाहिले तर निम्मे निदान तिथेच होते. त्यामुळे सुटलेल्या निऱ्या घाईने परत खोचण्याआधी क्षणभर आरशासमोर उभे राहावे. निऱ्यांचा गठ्ठा आपल्या जागी शाबूत असून साडी पुढून, मागून आणि बाजूंनी सारखीच खाली आली असेल, तर साडी सुटलेली नसून परकर घसरलेला आहे. कमरेचा वेढा जागच्या जागी असून निऱ्याच तेवढ्या बाहेर डोकावत असतील, तर खोचणी कमी पडली आहे. पदराच्या बाजूची, म्हणजे आपल्या डाव्या हाताची निरी उघडली असेल आणि बाकीच्या एकेक करून तिच्यामागे निघाल्या असतील, तर ओढ पदराकडून येते आहे. वर सगळे घट्ट असून निऱ्या गुडघ्याखाली फाकत असतील, तर मात्र प्रश्न कापडाचा, खळीचा किंवा फॉलचा, म्हणजे खालच्या काठाला आतून शिवलेल्या पट्टीचा आहे. या चार तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत आणि एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही.

सगळा भार नाडीवर

नऊवारी लुगडे सुमारे सव्वाआठ मीटरचे असते आणि त्याला परकर लागत नाही. लुगड्याचीच गाठ कमरेला मारलेली असते, काष्टा दोन पायांमधून मागे नेऊन घट्ट खोचलेला असतो, आणि त्यामुळे वस्त्र स्वतःच स्वतःला धरून ठेवते. शेतात वाकून काम करतानाही ते जागचे हलत नाही ते याचमुळे. गोल साडीत यातले काहीच नसते. तिला गाठ नाही, काष्टा नाही. साडेपाच मीटर कापड परकराच्या नेफ्यात, म्हणजे नाडी ओवलेल्या वरच्या पट्टीत खोचलेले असते आणि केवळ घर्षणाच्या जोरावर तिथे टिकते. परकर आणि पोलके यांच्यासह साडी नेसण्याची आजची रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शहरी घरांत रुळत गेली. १८६० च्या दशकात मुंबईत राहिलेल्या आणि पारशी स्त्रियांची साडी जवळून पाहिलेल्या, रवींद्रनाथांच्या वहिनी ज्ञानदानंदिनी देवी टागोर यांचे नाव त्या संदर्भात नेहमी घेतले जाते. या रीतीने चालणे-वावरणे सुटसुटीत झाले खरे, पण वस्त्राची सगळी मदार एका नाडीवर आली, आणि ती नाडी आपण सहसा सर्वांत कमी लक्ष देऊन बांधतो.

म्हणून पहिली परीक्षा साडीशिवाय करावी. नुसता परकर नेहमीसारखा बांधावा, नाडीच्या वरच्या कडेला कमरेवर पेनाने बारीक खूण करावी आणि दहा मिनिटे घरात वावरावे; दोनदा खुर्चीत बसून उठावे, जिना असल्यास चढून उतरावा. खूण आणि नाडी यांत बोटभर अंतर पडले असेल, तर साडीच्या वजनाने ते दुप्पट होणार हे धरून चालावे. हा परकर जोवर सुधारत नाही तोवर निऱ्यांना कितीही पिना लावल्या तरी उपयोग नाही, कारण पिना साडीला परकराशी जोडतात आणि इथे परकरच खाली येतो आहे.

परकर घसरण्याची कारणे बहुधा साधी असतात. सॅटिनसारख्या गुळगुळीत कापडाचा परकर चुण्या न पडता अंगासरशी बसतो म्हणून आवडतो; पण त्यावर जॉर्जेट, शिफॉन किंवा क्रेपची साडी आली की गुळगुळीत कापडावर गुळगुळीत कापड पडते आणि धरून ठेवणारे घर्षणच उरत नाही. अशा साड्यांखाली सुती परकरच घालावा. जाडी नको असेल तर पातळ सुताचा घ्यावा, पण सूत सोडू नये. रबर घातलेले, अंगाला घट्ट बसणारे तयार परकर हलक्या साड्यांना चालतात. कांजीवरम किंवा भरजरी बनारसीच्या वजनाखाली मात्र ते रबर ताणले जाते आणि तासा-दोन तासांत साडी हळूहळू उतरू लागते. अशा परकराचा आग्रह असेलच तर रबराच्या जोडीला नाडीही ओवून घ्यावी.

नाडी गोल दोरीची नसावी, बोटभर रुंदीची चपटी सुती पट्टी असावी. गोल दोरी त्वचेत रुतते आणि खोचलेल्या कापडाला टेकायला एक बारीक रेघ तेवढी मिळते. चपटी नाडी तोच दाब रुंद जागेवर पसरवते, त्यामुळे कमी आवळूनही पकड चांगली बसते. आणखी एक बारकावा सहसा सुटतो. नाडी जिथून बाहेर येते तिथे परकराला चीर असते. ती चीर जर पोटावर, म्हणजे नेमकी निऱ्या खोचायच्या जागी आली, तर निऱ्यांना मागून आधारच राहत नाही. नेफ्याच्या दोन कडा फाकतात आणि गठ्ठा त्या फटीतून सुटतो. परकर फिरवून चीर कुशीवर आणावी आणि गाठही तिथेच मारावी. पोटावर मारलेली गाठ निऱ्यांखाली फुगवटा करते आणि त्या गाठीवरून निऱ्या घरंगळतात, हेही त्यामुळे टळते.

नाडी कुठे बांधावी, याचे उत्तर प्रत्येकीच्या अंगलटीवर अवलंबून आहे. सर्वसाधारणपणे बेंबीच्या पातळीवर किंवा बोट-दोन बोटे खाली बांधली जाते. पण पोट पुढे असेल तर त्याच्या उतारावर बांधलेली नाडी घसरणारच, कारण तिला खाली सरकायला वाटच मिळालेली असते. अशा वेळी एकतर पोटाच्या वर, बेंबीपाशी बांधावी, नाहीतर सरळ खाली कमरेच्या हाडांवर टेकवावी. मधली जागा टाळावी. बांधताना श्वास रोखून पोट आत ओढण्याची सवय अनेकींना असते. तसे केल्यास बसल्यावर नाडी करकचून लागते, जेवल्यावर तर असह्य होते, आणि मग ती नकळत सैल केली जाते किंवा आपोआप खाली सरकते. नाडी बांधून एकदा खुर्चीत बसावे. बसल्यावर दोन बोटे आत जात असतील तर ती योग्य झाली. त्यानंतरच साडी हातात घ्यावी.

घसरते म्हणून जास्त आवळणे हा सर्वांत सोपा आणि माझ्या मते सर्वांत वाईट उपाय आहे. रोज साडी नेसणाऱ्या स्त्रियांच्या कमरेवर नाडीचा काळसर पट्टा दिसतो आणि तो आपण स्वाभाविक मानतो. २०२४ मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या वैद्यकीय नियतकालिकात वर्धा आणि बिहार येथील डॉक्टरांनी दोन वयस्क स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. कमरेवर वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट बांधलेल्या वस्त्राच्या दाबाने आणि घर्षणाने तिथे न भरणारी जखम झाली होती आणि पुढे तिचे त्वचेच्या कर्करोगात रूपांतर झाले होते. त्यांपैकी एक परकर न घालता लुगडे नेसत असे, म्हणजे दोष एकट्या नाडीचा नसून एकाच रेषेवर पडणाऱ्या सततच्या दाबाचा आहे. असे क्वचितच घडते. तरीही पट्ट्याच्या जागी खाज, सालपटे किंवा बरी न होणारी जखम असेल तर ती अंगावर काढू नये, डॉक्टरांना दाखवावी. रोजच्या वापरात नाडीची जागा अधूनमधून बोटभर वर-खाली करणे आणि घरी असताना ती सैल ठेवणे एवढे तर सहज जमते.

पन्हा, उंची आणि खोचणी

परकर परीक्षेत उतरला आणि तरीही निऱ्या बाहेर येत असतील, तर टेप हातात घ्यावी. साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारणपणे ४५ ते ४७ इंच असतो. जी चप्पल घालून जायचे आहे ती घालून नाडीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. ते ४० इंच आले आणि पन्हा ४५ इंच असला, तर काठ जमिनीला टेकू न देता पाच-साडेपाच इंच कापड आत खोचायला उरते आणि अशी साडी सहसा सुटत नाही. हेच अंतर ४३ इंच असेल तर हाती जेमतेम दोन-अडीच इंच राहतात. एवढी खोचणी दोनदा बसून उठले की बाहेर येते. उंच स्त्रियांच्या निऱ्या इतरांपेक्षा जास्त सुटतात, त्यामागे नेसण्यातला हलगर्जीपणा नसून ही वजाबाकी असते. त्यांनी नाडी इंच-दीड इंच खाली बांधावी आणि साडी घेताना काठ-रंगाइतकेच पन्ह्याकडेही लक्ष द्यावे. खोचणी किमान चार बोटे, म्हणजे तीन इंच तरी हवी.

ठेंगण्या स्त्रियांची अडचण याच्या उलट असते. नऊ-दहा इंच कापड आत कोंबले जाते, त्याचा बोळा होतो आणि बसताना मांडी त्या बोळ्याला खालून वर ढकलते, त्यामुळे निऱ्या उसळून बाहेर येतात. अशा वेळी साडीची वरची कड नेसण्यापूर्वीच चार-पाच इंच आतल्या बाजूला सलग दुमडून घ्यावी आणि मग ती दुमडलेली कड खोचावी. निऱ्या काढून झाल्यावर त्या वरून दुमडण्यापेक्षा हे फार सोपे पडते.

पहिला वेढाही याच टप्प्यावर तपासावा. उजव्या बाजूला टोक खोचून पुढून डावीकडे, मागे आणि परत पुढे येईपर्यंत साडी फक्त सुरुवातीला आणि शेवटी खोचली, तर मागचा भाग नुसताच लोंबत राहतो आणि त्याचे वजन निऱ्यांवर येते. वेढा घेताना दर वीतभर अंतरावर कापड आत सारत यावे, विशेषतः पाठीच्या मध्यावर, जिथे आपला हात सहज पोहोचत नाही आणि म्हणून जी जागा नेमकी राहून जाते.

पदराकडून येणारी ओढ

हे कारण सर्वांत कमी ओळखले जाते आणि माझ्या पाहण्यात अनुभवी स्त्रियांच्या साड्याही बहुतेक यानेच सुटतात. निऱ्यांतून बाहेर पडलेले कापड डाव्या कमरेवरून पाठीमागे जाते, उजव्या काखेखालून पुढे येते आणि छातीवरून डाव्या खांद्यावर चढते. म्हणजे खांद्यावर पदर पिनेने पक्का केला की खांदा आणि निऱ्या यांमध्ये एक सलग ताणलेला पट्टा तयार होतो. उजवा हात उंच करून फळीवरचे काही काढले, वाकून मूल उचलले किंवा गाडीच्या मागच्या आसनावर बसले की पट्टा खांद्याकडून ओढला जातो. खांद्याची पिन हलत नाही. त्यामुळे ओढ उलट्या दिशेने प्रवास करत डाव्या कमरेपाशी पोहोचते आणि पदराच्या बाजूची निरी उघडते. एक निरी उघडली की नेफ्यातली दाटी कमी होते आणि उरलेल्यांनाही वाट मिळते.

उपाय दोन जागी करायचा आहे. पहिला निऱ्यांच्या लगेच डावीकडे : निऱ्या खोचून झाल्यावर त्यांच्यापासून चार बोटांवर दुसऱ्या वेढ्याची वरची कड थोडी आत खोचावी आणि तिथे, परकराच्या नेफ्यासकट, एक लहान पिन लावावी. पदराची ओढ मग या पिनेशी थांबते, निऱ्यांपर्यंत जात नाही. एकच पिन लावायची असेल तर ती निऱ्यांना न लावता इथे लावावी. दुसरा उपाय खांद्यापाशी : पदराची पिन लावण्यापूर्वी दोन्ही हात डोक्यावर नेऊन, एकदा पुढे वाकून, मग पदर जिथे आपोआप सैलावून थांबेल तिथे पिन लावावी. ताठ उभे राहून आरशात नेटका दिसेल असा ताणून लावलेला पदर फोटोपुरता छान. दिवसभराच्या कामाला तो निऱ्यांच्या जिवावर उठतो.

पायांकडूनही अशीच ओढ येते, पण ती परकराच्या घेरामुळे. मासोळीच्या आकाराचे, गुडघ्याखाली निमुळते परकर पावलाला पुरेशी जागा देत नाहीत, आणि प्रत्येक मोठे पाऊल किंवा उंच पायरी थेट निऱ्यांना खाली खेचते. जिने आणि बसच्या पायऱ्या असतील त्या दिवशी साधा, घेरदार परकर बरा.

कापड, खळ आणि फॉल

आता राहिल्या प्रत्यक्ष निऱ्या. साडेपाच मीटरच्या साडीत सुमारे एक मीटर पहिल्या वेढ्यात जाते, पावणेतीन मीटर दुसरा वेढा, छाती आणि पदर यांत, आणि निऱ्यांसाठी दीड ते पावणेदोन मीटर उरते. पाच इंचांच्या एका निरीला दहा इंच कापड लागते, म्हणजे निऱ्या सहा-सात होतात. कमरेचा घेर जास्त असेल तर पाच होतील, आणि ते ठीकच आहे. पदर लांब सोडायचा आणि निऱ्याही भरपूर हव्यात, या हट्टात पहिला वेढा तोकडा पडतो किंवा निऱ्या अरुंद होतात. अरुंद निऱ्यांचा जाड गठ्ठा नेफ्यात नीट मावत नाही. जाड रेशमी साडीला कमी आणि रुंद निऱ्या घ्याव्यात.

नव्या सुती साडीची खळ निऱ्यांना ताठ ठेवते आणि त्या पुढे फुगतात. कडक खळीच्या तांत साडीत हे विशेष जाणवते. निऱ्या काढून झाल्यावर ओला हात वरून खाली फिरवून त्या दाबून घेतल्या, किंवा आदल्या रात्री निऱ्यांपुरता भाग घडी घालून इस्त्री केला, तर त्या अंगासरशी बसतात. ऑर्गंझाची जात मुळातच फुगणारी आहे. तिला इस्त्रीचाच आधार, पाण्याचा हात नको, डाग पडतात. जरीवर आणि रेशमावरही पाणी टाळावे.

काठापाशी निऱ्या फाकत असतील तर साडी उलटी करून फॉल पाहावा. फॉल सुती असतो आणि न भिजवता लावला तर पहिल्या धुण्यात आटतो. साडी मात्र तेवढीच राहते, त्यामुळे काठाला चुण्या पडतात आणि निऱ्यांचा खालचा भाग सरळ पडत नाही. वर कितीही घट्ट खोचले तरी हा दोष जात नाही. फॉल उसवून, नवा फॉल पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून हातशिलाईने लावून घ्यावा. फॉलची जागाही बघावी : तो निऱ्या संपेपर्यंत पोहोचायला हवा. मध्येच संपत असेल तर शेवटच्या एक-दोन निऱ्या हलक्या राहतात आणि त्याच आधी उडतात.

पिना आणि बाहेर असताना

पिनांना माझा विरोध नाही, फक्त त्या दुरुस्तीच्या जागी नसाव्यात. निऱ्यांची पिन आतल्या बाजूने, सगळ्या निऱ्या आणि नेफा एकत्र घेऊन लावावी. मांडीच्या उंचीवर बाहेरून लावलेली पिन बसताना कापड फाडते, विशेषतः चंदेरी आणि महेश्वरीसारख्या तलम साड्यांचे. पैठणीच्या किंवा जुन्या रेशमाच्या पदराला पिन लावताना मागे सुती कापडाचा लहानसा तुकडा धरावा, म्हणजे धागे सरकत नाहीत. साडी घडी करून ठेवताना एकही पिन आत राहू देऊ नये. गंजाचा डाग रेशमातून निघत नाही.

घराबाहेर साडी उतरू लागली तर फक्त निऱ्या वर ओढून परत खोचू नयेत. परकर खाली आलेला असेल तर त्या पाच मिनिटांत पुन्हा बाहेर येतील. आडोशाच्या जागी जाऊन आधी खांद्याची पिन काढावी आणि पदर गळ्याभोवती घ्यावा. निऱ्यांचा गठ्ठा न विस्कटता वरच्या टोकाला पिनेने किंवा केसांच्या चापाने एकत्र धरून बाहेर काढावा. मग नाडी सोडून परकर पहिल्या वेढ्यासकट वर घ्यावा, पुन्हा बांधावा, उजवीकडून सुरुवात करून पाठीमागून पुढे येईपर्यंत कड बोटांनी आत सारत जावी, सर्वांत शेवटी निऱ्या खोचाव्यात आणि त्यांच्या डावीकडची ती लहान पिन लावावी. त्यानंतरच पदर खांद्यावर घ्यावा.